फिजियाना : चौदा मिनिटांचा खेळ आणि एका बेटराष्ट्राच्या मुली

ऑलिंपिकच्या पदकतालिकेत फिजी या देशाच्या नावापुढे आजवर चार पदके लागली आहेत : दोन सुवर्ण, एक रौप्य आणि एक कांस्य. ही चारही पदके एकाच खेळातली आहेत, रग्बी सेव्हन्समधली. त्यातली तीन पुरुषांनी मिळवली, एक बायकांनी. पुरुषांच्या पदकांवर जगभर भरपूर लिहिले गेले. हा लेख त्या चौथ्या पदकाचा, म्हणजे ३१ जुलै २०२१ रोजी टोकियोत मिळालेल्या कांस्याचा आणि ते मिळवणाऱ्या ‘फिजियाना’ या संघाचा आहे.

आपल्याकडे रग्बी फारसा कुणी पाहत नाही. अंड्याच्या आकाराचा चेंडू आणि धिप्पाड माणसांची झुंबड, एवढीच बहुतेकांची ओळख. पण सेव्हन्स हा प्रकार कबड्डी पाहत मोठ्या झालेल्या माणसाला लवकर कळतो आणि आवडतोही. म्हणून आधी देश, मग खेळ आणि मग त्या मुली, अशा क्रमाने जाऊ.

फिजी कुठे आहे, केवढा आहे

दक्षिण प्रशांत महासागरात, ऑस्ट्रेलियाच्या पूर्वेला सुमारे तीन हजार किलोमीटरवर ३३० पेक्षा जास्त बेटांचा हा देश पसरला आहे. त्यातल्या जेमतेम शंभरेक बेटांवर वस्ती आहे. वीती लेवू आणि वानुआ लेवू ही दोन मोठी बेटे. राजधानी सुवा वीती लेवूवर. सगळ्या बेटांची जमीन मिळून १८ हजार चौरस किलोमीटरच्या थोडी वर, म्हणजे पुणे जिल्ह्यापेक्षा थोडी अधिक. २०१७ च्या जनगणनेत लोकसंख्या भरली ८,८४,८८७. आपल्या बडोदा शहरात याहून कितीतरी जास्त माणसे राहतात. १८७४ पासून ब्रिटिशांच्या ताब्यात असलेला हा देश १० ऑक्टोबर १९७० रोजी स्वतंत्र झाला.

इथल्या मूळ रहिवाशांना ‘इतौकेई’ म्हणतात. त्यांची भाषा मिशनऱ्यांनी रोमन लिपीत बसवली, पण वेगळ्या हिशेबाने. त्या लिपीतला ‘डी’ म्हणजे ‘न्द’, ‘बी’ म्हणजे ‘म्ब’, ‘जी’चा उच्चार अनुनासिक ‘ङ’ आणि ‘सी’ म्हणजे इंग्रजी ‘दॅट’मधला ‘द’. त्यामुळे नकाशावर इंग्रजीत ‘नाडी’ असे वाचले जाणारे विमानतळाचे गाव प्रत्यक्षात ‘नान्दी’ आहे. संगीत नाटकाची नांदी ऐकलेल्या माणसाला हे नाव विसरणे कठीण. टोकियोच्या संघाची कर्णधार रुसिला हिचे आडनाव इंग्रजी समालोचक ‘नागासाऊ’ म्हणतात, ते खरे ‘नाङासाऊ’ आहे, म्हणजे मराठीत ‘नांगासाऊ’च्या जवळपास. लावेना हिचे आडनाव ‘कावुरू’ नाही, ‘दावुरू’. ही नावे रोमनपेक्षा आपल्या देवनागरीत अधिक नीट उतरतात, म्हणून या लेखात ती उच्चाराप्रमाणे दिली आहेत.

सेव्हन्स म्हणजे काय

रग्बीचा मूळ खेळ पंधरा-पंधरा जणांचा आणि ऐंशी मिनिटांचा. १८८३ साली स्कॉटलंडमधल्या मेलरोझ या छोट्या गावच्या क्लबला निधी उभा करायचा होता. नेड हेग या तिथल्या खाटिकाने सुचवले की एकाच दिवसात बरेच सामने व्हावेत म्हणून माणसे आणि वेळ दोन्ही कमी करावे. सात-सात जणांचा खेळ तिथून सुरू झाला.

सामना सात-सात मिनिटांच्या दोन डावांचा, मध्ये एक-दोन मिनिटांची विश्रांती. एकूण चौदा मिनिटे. मैदान मात्र पंधरा जणांचेच, सुमारे १०० मीटर लांब आणि ७० मीटर रुंद. सेव्हन्सचा सगळा स्वभाव या एका गोष्टीतून येतो. कबड्डीतही एका बाजूला सातच खेळाडू असतात, पण बायकांच्या कबड्डीचे मैदान १२ मीटर बाय ८ मीटर. तिथे जागा कमी असल्यामुळे साखळी करून पकड करता येते. सेव्हन्समध्ये एकेका खेळाडूच्या वाट्याला पाचशे चौरस मीटर जमीन येते. एक पकड चुकली की पुढे अडवायला बहुधा कुणीच नसते आणि समोरची मुलगी पन्नास मीटर एकटी धावत सुटते.

नियम थोडक्यात असे. चेंडू हातात घेऊन पुढे धावता येते, पायाने पुढे मारता येतो, पण हाताने पुढे फेकता येत नाही. पास द्यायचा तो बाजूला किंवा मागे. ज्याच्या हातात चेंडू आहे त्यालाच पकडून पाडता येते, आणि तेही खांद्यांच्या खाली धरून. पडलेल्या खेळाडूने चेंडू सोडायचा. प्रतिस्पर्ध्याच्या शेवटच्या रेषेपलीकडे चेंडू जमिनीला टेकवला की तो ‘ट्राय’, त्याचे ५ गुण. त्यानंतर दोन उंच खांबांमधून चेंडू मारण्याची संधी मिळते, ते ‘कन्व्हर्जन’, त्याचे २ गुण. सेव्हन्समध्ये हा फटका चेंडू हातातून सोडून, तो जमिनीला लागून उसळत असतानाच मारावा लागतो. शिवाय ट्राय जिथे टेकवला असेल त्या जागेच्या सरळ रेषेत मागे येऊनच मारायचा. म्हणून हुशार खेळाडू रेषा ओलांडल्यावरही, मागे कुणी नसेल तर, खांबांच्या मधोमध जाऊन चेंडू टेकवते. ते दोन गुण किती मोलाचे असतात ते पुढे दिसेलच.

आणखी एक गंमत म्हणजे, पंधरांच्या खेळात ज्याच्यावर गुण झाले तो संघ पुन्हा खेळ सुरू करतो. सेव्हन्समध्ये गुण करणाऱ्या संघालाच चेंडू समोरच्यांकडे मारावा लागतो. चौदा मिनिटांत एकतर्फी रेटा होऊ नये, म्हणून ही सोय. दंडाची शिक्षा मिळालेली खेळाडू दोन मिनिटे बाहेर बसते. चौदातली दोन म्हणजे सामन्याचा सातवा हिस्सा, आणि तेवढा वेळ बाकीच्या सहाजणींनी तेच अवाढव्य मैदान सांभाळायचे.

फिजीची म्हणून एक तऱ्हा

फिजीच्या गावोगावी गवताचे एखादे मैदान असते आणि संध्याकाळी तिथे पोरे रग्बीच खेळताना दिसतात. चेंडू नसला तर पाण्याची बाटली चालते. इतक्या मोकळ्या खेळातून एक हातखंडा तयार झाला आहे. पकडले गेल्यावर, पडता पडता, एका हाताने चेंडू मागून येणाऱ्याच्या हाती देऊन टाकायचा. त्याला ‘ऑफलोड’ म्हणतात. इतर देशांचे प्रशिक्षक हा पास जपून द्यायला सांगतात, कारण चेंडू सुटण्याची भीती. फिजीचे खेळाडू तो सहज देतात, कारण मागे कुणीतरी आलेले असणारच, हा त्यांचा भरवसा. पकड करणाऱ्या संघाला वाटते आता खेळ थांबला, आणि तेवढ्यात चेंडू दुसरीकडेच पळत असतो. कबड्डीत पाय धरला गेल्यावरही हात लांबवून मध्यरेषा गाठणारा चढाईपटू आठवा. मन तेच, फक्त इथे आपला हात दुसऱ्याच्या हाताला लांबवायचा असतो.

ताकद आणि दम यांसाठी फिजीचे सेव्हन्स संघ सिंगातोकाच्या वाळूच्या टेकड्यांवर धावतात. नदीच्या मुखाशी वाऱ्याने रचलेल्या या टेकड्या म्हणजे देशातले पहिले राष्ट्रीय उद्यान. भुसभुशीत वाळूत चढ चढताना दर पावलाला अर्धे पाऊल मागे येते. ज्याने हे केले त्याला सपाट गवत हलके वाटते. सामना संपला की, हरोत वा जिंकोत, खेळाडू गोल करून आपल्या भाषेतले भजन चार आवाजांत गातात. चर्चमध्ये लहानपणापासून गायची सवय असल्यामुळे सूर पक्के असतात. फिजीचा सामना पाहायचा तर शिट्टी वाजल्यावर दूरदर्शनसंच लगेच बंद करू नये, असे म्हणतात ते उगाच नाही.

मुलींसाठी मैदान मोकळे नव्हते

फिजीत रग्बी हा जवळजवळ धर्म आहे, पण पुष्कळ काळ तो पुरुषांचा धर्म होता. मुलींनी नेटबॉल खेळावा, ही रीत. रग्बी खेळणारी मुलगी म्हणजे घरकाम सोडून पुरुषांच्या उद्योगात शिरलेली, असा समज. घरातून विरोध, गावातून टोमणे, आणि खेळायचे म्हटले तरी भावांच्या उतरत्या बुटांवर भागवणे, हे तिथल्या खेळाडूंनी वेळोवेळी सांगितले आहे. हे वाचताना आपल्यापैकी अनेकींना आपल्या आईच्या किंवा आजीच्या वेळच्या गोष्टी आठवतील.

या विरोधामागचे वास्तव हलके नाही. फिजी विमेन्स क्रायसिस सेंटरने २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या देशव्यापी पाहणीत, पती किंवा जोडीदार असलेल्या वा कधीकाळी असलेल्या बायकांपैकी ६४ टक्के बायकांनी त्याच्याकडून शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसल्याचे नोंदवले. ज्या समाजात हे प्रमाण इतके आहे, तिथे एखादी मुलगी भर मैदानात धडक देते, पाडते, पुन्हा उठते आणि लोक तिच्यासाठी टाळ्या वाजवतात, याला खेळापलीकडचा अर्थ येतो. एका पदकाने घराघरांतली हिंसा थांबत नाही. पण ‘बाईचे शरीर कशासाठी आहे’ या प्रश्नाचे आणखी एक उत्तर त्या मुलींनी चारचौघांत दिले.

पैशांची चणचण तर होतीच. फिजीच्या पुरुष संघाला सुवर्णपदकापर्यंत नेणारे इंग्रज प्रशिक्षक बेन रायन यांनाही सुरुवातीचे काही महिने पगार मिळाला नव्हता. पुरुषांची ही गत, तर बायकांच्या संघाच्या वाट्याला काय येत असेल, याची कल्पना करता येते. खेळाडूंपैकी काही पोलिसांत, काही सैन्यात, काही तुरुंग खात्यात नोकरी करून खेळत आल्या.

ऑलिंपिकचे दार उघडले

ऑक्टोबर २००९ मध्ये कोपनहेगनला आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीची सभा भरली आणि २०१६ पासून रग्बी सेव्हन्स घेण्याचे ठरले. ऑलिंपिकमध्ये खेळ येणार म्हणजे पुरुषांबरोबर बायकांचाही येणार. त्याच वर्षी दुबईत बायकांचा पहिला सेव्हन्स विश्वचषक झाला होता. २०१२-१३ पासून बायकांची स्वतंत्र जागतिक मालिका सुरू झाली. ज्या देशांना पुरुषांच्या पदकाची आशा होती, त्यांना आता बायकांच्या संघाकडे पाहणे भाग पडले. फिजियानाच्या वाढीला हा निर्णय फार उपयोगी पडला.

रिओला २०१६ मध्ये फिजीच्या पुरुषांनी ग्रेट ब्रिटनला ४३-७ असे हरवून देशाचे पहिलेवहिले ऑलिंपिक पदक मिळवले, तेही सुवर्ण. देशभर सुट्टी जाहीर झाली. पुढच्या वर्षी फिजीच्या रिझर्व्ह बँकेने चक्क सात डॉलरची नोट काढली आणि तिच्यावर कर्णधार ओसेआ कोलिनिसाऊ यांचे चित्र छापले. त्याच रिओत आना मारिया रोंगिदा हिच्या नेतृत्वाखाली फिजियाना उपांत्यपूर्व फेरीपर्यंत पोचली आणि बारा संघांत आठवी आली. पहिल्याच ऑलिंपिकसाठी ही कामगिरी वाईट नव्हती, पण सुवर्णाच्या जल्लोषात तिची फारशी नोंद झाली नाही.

टोकियो : तीन दिवस, सहा सामने

टोकियोचे ऑलिंपिक करोनामुळे वर्षभर पुढे गेले. २०२१ च्या मध्यावर फिजीत साथ ऐन भरात होती. प्रशिक्षक सायासी फुली आणि कर्णधार रुसिला नांगासाऊ यांचा संघ घरच्यांपासून दूर, ऑस्ट्रेलियात सराव करून टोकियोला पोचला. २८ जुलैला पुरुषांनी न्यूझीलंडला हरवून दुसरे सुवर्ण मिळवले. दुसऱ्या दिवशी बायकांची स्पर्धा सुरू झाली.

सेव्हन्समध्ये दिवसाला दोन सामने असतात. चौदा मिनिटे ऐकायला कमी वाटतात, पण तीन दिवसांत सहा वेळा ती चौदा मिनिटे खेळायची, मधल्या वेळेत सुजलेले गुडघे बर्फात घालायचे आणि बारा जणींतच सगळे निभावायचे.

पहिल्या सामन्यात फ्रान्सकडून थोडक्यात हार झाली. मग रिओत कांस्य मिळवलेल्या कॅनडाला आणि त्यानंतर ब्राझीलला हरवून फिजी पुढच्या फेरीत गेली. समोर उभी होती ऑस्ट्रेलिया, रिओची सुवर्णविजेती. फिजी जिंकली, १४-१२ अशी. आता मघाचा हिशेब आठवा. १४ म्हणजे दोन ट्राय आणि दोन्ही कन्व्हर्जन. १२ म्हणजे दोन ट्राय आणि एकच कन्व्हर्जन. दोन्ही संघांनी तितक्याच वेळा रेषा ओलांडली. एक फटका खांबांमधून गेला नाही आणि गतविजेता संघ पदकाच्या शर्यतीतून बाहेर पडला.

३१ जुलैला उपांत्य सामना न्यूझीलंडशी. बायकांच्या सेव्हन्समध्ये न्यूझीलंड म्हणजे सर्वांत पक्का संघ. फिजीने त्यांना पूर्ण वेळ झुंजवले आणि सामना १७-१७ असा बरोबरीत सुटला. जादा वेळेत जो पहिला गुण करेल तो जिंकतो. ट्राय न्यूझीलंडने केला, २२-१७. पुढे त्याच न्यूझीलंडने अंतिम सामन्यात फ्रान्सला हरवून सुवर्ण घेतले. म्हणजे अखेरच्या विजेत्यांना सर्वांत जवळ जाऊन भिडला तो फिजीचा संघ.

अशा हारीनंतर त्याच दिवशी, काही तासांत, पुन्हा मैदानात उतरायचे असते. सुवर्ण गेले आहे, अंग ठणकते आहे, आणि आता तिसऱ्या स्थानासाठी खेळायचे. कित्येक चांगले संघ या सामन्यात मनाने आधीच हरलेले असतात. फिजियानाने ग्रेट ब्रिटनला २१-१२ असे हरवले. तीन ट्राय, तीनही कन्व्हर्जन, हिशेब चोख. ऑलिंपिक पदक मिळवणाऱ्या त्या फिजीच्या पहिल्या महिला ठरल्या. नऊ लाखांहून कमी वस्तीच्या देशाने साडेसहा कोटींहून जास्त वस्तीच्या देशाला त्यांनीच शोधून काढलेल्या खेळात मागे टाकले.

पदकानंतरची चढण

पुढचे वर्ष फिजियानासाठी सर्वांत भरभराटीचे. बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत ३१ जुलै २०२२ रोजी, कांस्याच्या बरोबर वर्षानंतर, त्या अंतिम सामना खेळल्या. ऑस्ट्रेलियाने २२-१२ असे हरवले, पण राष्ट्रकुलचे रौप्य मिळाले.

सेव्हन्सने उघडलेल्या वाटेने पंधरा जणींचा खेळही पुढे सरकला. फिजीचा ‘द्रुआ’ नावाचा संघ ऑस्ट्रेलियातल्या ‘सुपर डब्ल्यू’ स्पर्धेत २०२२ मध्ये पहिल्यांदा उतरला आणि पहिल्याच वर्षी न्यू साउथ वेल्सच्या संघाला अंतिम सामन्यात ३२-२६ असे हरवून विजेता झाला. २०२३ मध्ये क्वीन्सलंडला हरवून त्यांनी विजेतेपद राखले. द्रुआ म्हणजे दोन नावा जोडून केलेले पूर्वीचे मोठे शिडाचे जहाज, ज्यातून ही बेटे एकमेकांशी जोडलेली राहिली. २०२२ च्याच शेवटी न्यूझीलंडमध्ये झालेल्या पंधरांच्या विश्वचषकात फिजीच्या बायका प्रथमच खेळल्या आणि दक्षिण आफ्रिकेला २१-१७ असे हरवून पहिला विजयही नोंदवला.

पॅरिसमध्ये शेवटून पहिल्या

इथवर गोष्ट सरळ चढत गेली. पण खेळाची गोष्ट तिथे थांबवली तर ती अर्धी राहते. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये फिजीच्या पुरुषांनी रौप्य मिळवले. फिजियाना पाचही सामने हरली आणि बारा संघांत बारावी आली. कॅनडाकडून फक्त तीन गुणांनी हार, मग न्यूझीलंडकडून, आणि त्यानंतर चीनकडून तब्बल ४०-१२.

हे असे का झाले, याचे एकच कारण सांगता येत नाही. पण काही गोष्टी उघड आहेत. पहिली, मनुष्यबळ. मोठ्या देशात एक पिढी थकली की मागे दुसरी तयार असते. फिजीत चांगल्या खेळाडूंची संख्या मोजकी आणि त्याच मुलींवर सेव्हन्स आणि पंधरा अशा दोन्ही खेळांचा हक्क. दुसरी, इतरांची वाढ. चीन, जपान, ब्राझील, अमेरिका यांनी ऑलिंपिकच्या ओढीने बायकांच्या सेव्हन्समध्ये पैसा आणि बारमाही शिबिरे ओतली. ज्या निर्णयाने फिजियानाला दार उघडले, त्याच दाराने हे मोठे देशही आत आले. तिसरी, घरचा कारभार. फिजी रग्बी युनियनची आर्थिक घडी विस्कटली आणि २०२३ मध्ये कारभार अंतरिम विश्वस्तांकडे द्यावा लागला. चौथी, अंतर. जागतिक मालिकेचे सामने दुबई, केप टाऊन, व्हँकुव्हर, हाँगकाँग असे पसरलेले. फिजीहून जवळ काहीच नाही, आणि प्रत्येक प्रवासाचा खर्च त्याच तोकड्या तिजोरीतून.

तीन वर्षांत कांस्यावरून शेवटच्या जागी येणे, यातून त्या मुलींचा कमीपणा दिसत नाही. लहान देशाचा संघ किती बारीक दोरीवर चालतो, ते दिसते. २०२१ मध्ये एक फटका, २०२४ मध्ये तीन गुण. दोरी तीच होती.

फिजी आणि आपण

फिजीचे नाव आपल्या इतिहासात वेगळ्या वाटेने आले आहे. मे १८७९ मध्ये ‘लिओनिदास’ हे जहाज कलकत्त्याहून पहिले मजूर घेऊन तिथे पोचले. १९१६ पर्यंत साठ हजारांवर माणसे उसाच्या मळ्यांत नेली गेली, बहुतेक आजच्या उत्तर प्रदेश आणि बिहारमधली, नंतर दक्षिणेतलीही. पाच वर्षांचा करार, त्या ‘अ‍ॅग्रीमेंट’चे झाले ‘गिरमिट’. दर शंभर पुरुषांमागे चाळीस स्त्रिया, असा भरतीचा नियम होता आणि त्या स्त्रियांचे हाल सर्वांत वाईट. कोतळूकसारख्या कोकणातल्या खेड्यात जन्मलेल्या नामदार गोखल्यांनी ४ मार्च १९१२ रोजी केंद्रीय विधिमंडळात ही पद्धत बंद करण्याचा ठराव मांडला. सरकारने तो फेटाळला, पण मागणी मागे पडली नाही. १९१७ मध्ये भरती थांबली आणि १ जानेवारी १९२० पासून उरलेले करार रद्द झाले. गिरमिटाबाहेर, स्वतःच्या खर्चाने गेलेले गुजराती व्यापारी, सोनार आणि शिंपी हे मुख्यतः सुरत आणि नवसारी भागातले, आणि नवसारी त्या वेळी आपल्या बडोदा संस्थानात होती.

त्या सगळ्यांचे वंशज आज फिजीत आहेत. २००७ च्या जनगणनेत ते ३७ टक्क्यांहून थोडे अधिक होते. १९८७ पासूनच्या राजकीय उलथापालथींत बरेच जण देश सोडून गेले. खेळाच्या बाबतीतही तिथे एक जुनी वाटणी आहे : रग्बी इतौकेईंचा, फुटबॉलमध्ये भारतीयांचा ओढा. फिजियानाच्या संघात भारतीय नावे दिसत नाहीत, ती त्यामुळे. पण सामना लागला की दुकानातले, टॅक्सीतले, उसाच्या शेतावरले सगळे एकाच पडद्यापुढे बसतात. घर सोडून दूर वस्ती केलेल्या समाजाने आपली भाषा जपावी आणि तरी राहतो त्या गावाच्या विजयात मनापासून सामील व्हावे, हे आपल्याला नवे नाही.

आपल्याकडेही बायकांचा रग्बी आहे. भारताच्या महिला संघाने जून २०१९ मध्ये सिंगापूरला हरवून पंधरांच्या खेळातला पहिला आंतरराष्ट्रीय विजय मिळवला, आणि त्या संघाचे नेतृत्व केलेली वाहबिझ भरुचा पुण्याची. ओडिशा, बिहार, महाराष्ट्र इथल्या मुली आता सेव्हन्स खेळत आहेत.

शेवटी बडोद्याची एक गोष्ट. हुतुतू गावोगाव वेगवेगळ्या रीतीने खेळला जायचा, तेव्हा त्याचे नियम १९२३ मध्ये छापून स्पर्धा भरवली ती इथल्या हिंद विजय जिमखान्याने. एखादा गावरान खेळ जगापुढे न्यायला मोठा देश लागतोच असे नाही. मैदान, नियम आणि खेळू देणारी माणसे लागतात. फिजीच्या मुलींकडे पहिल्या दोन गोष्टी होत्या. तिसरी त्यांनी मिळवली, आणि अजून मिळवत आहेत. आपल्या मंडळाच्या क्रीडादिनाला या वर्षी मुलींच्या कबड्डीचे संघ कमी पडत असतील, तर नाव द्यायला आलेल्या मुलीच्या घरी आपल्यापैकी कुणी तरी बोलून यावे. पुढच्या वेळी दूरदर्शनवर पांढरा सदरा, काळी चड्डी आणि छातीवर माडाचे झाड असलेला बायकांचा संघ दिसला, तर चौदा मिनिटे थांबा, आणि नंतरचे भजन ऐकूनच उठा.